क्रियापदाला बाई-बाप्या नसतो

आबांनी मला आत्याबाईजवळ ती परकी भाषा शिकायला बसवलं ते माझ्या भल्यासाठी नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. मी तेव्हा नववीत होते. आबा म्हणजे माझे वडील, आणि आत्याबाई ही त्यांची धाकटी बहीण, गोदावरी. तिला युसूफ वडगाव नावाच्या गावात दिली होती. तीन वर्षांत नवऱ्यानं दुसरी बायको घरात आणली आणि आत्याबाई एक पत्र्याची पेटी घेऊन नांदूरघाटला परत आली. रडत बसली नाही. शिकली, मास्तरीण झाली, आणि गावातल्याच मुलींच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवू लागली. आबांना त्याचा अभिमान होता. बाजारात कुणी नवं भेटलं की ते म्हणायचे, "आमची गोदी मास्तरीण हाय." हाच माणूस पुढं तिच्या पेटीकडं चोराच्या गाठोड्याकडं बघावं तसं बघायला लागला. त्या एका हिवाळ्याची ही हकीकत आहे.

आमच्या घराची भिंत पिठाच्या गिरणीला लागून होती. सकाळी गिरणीचा पट्टा फटफटायला लागला की दुपारपर्यंत घरात कुणी हळू बोलत नसे, कारण हळू बोललेलं ऐकूच यायचं नाही. भाकरी थापतानासुद्धा माय ओरडून मीठ मागायची. त्यामुळं गिरणी थांबली की आम्हाला एकदम उघडं पडल्यासारखं व्हायचं. त्या शांततेत कुणी आवाज खाली घेतला की बाकीच्यांचे कान टवकारलेच. आत्याबाई शाळेतून यायची ती नेमकी गिरणी थांबायच्या वेळेला. माय तिच्यासाठी मुरमुरे भिजवून, शेंगदाण्याचं कूट घालून सुशीला करायची. कधी सकाळच्या येसराच्या आमटीत भाकरी चुरून द्यायची. आत्याबाई ताट मांडीवर घेऊन ओसरीच्या टोकाला बसायची आणि खाताखाता डाव्या हातानं एक बारीक पुस्तक धरून वाचायची. मला अजून कुणी जेवताना वाचताना दिसलं की त्या कुटाचा वास येतो.

त्या पुस्तकाची सुरुवात अशी झाली होती की दुकानातून गूळ बांधून आलेल्या मासिकाच्या पानावर आत्याबाईला एक जाहिरात दिसली: पोस्टानं एस्पेरांतो शिका. तिनं पत्र टाकलं, धडे आले, धडे संपले, आणि मग बाहेरदेशातली पत्रं यायला लागली. दर दोन-अडीच महिन्यांनी आमचे पोस्टमन रहीमचाचा सायकल भिंतीला टेकवून हाक मारायचे, "मास्तरीणबाई, तुमचं इलायतेचं आलं." लिफाफ्यावर युगोस्लाव्हियाचं तिकीट असायचं. तो देश आता नकाशावर राहिलेला नाही. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचं एवढंच नाव: वान्या.

पहिल्यांदा पत्र आलं तेव्हा आबांनी ते उलटंसुलटं करून बघितलं. "ही इंग्रजी न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई दादा. एस्पेरांतो हाय. कुण्या एका देशाची न्हाई. सगळ्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम बनवलेली भाषा हाय."

"बनवलेली?" आबांनी पत्र तिच्या हातात दिलं, पण नजर काढली नाही. "मराठी हाय, हिंदी हाय. एवढ्या भाषा असताना आनिक एक कावून बनवली? कुनाला तरी कळू नये म्हनूनच ना?"

आत्याबाई हसली. आबा हसले नाहीत.

त्या साली पंचायत समितीच्या निवडणुकीला आबा उभे राहणार होते. दसऱ्यानंतर अर्धं गाव ऊसतोडीला गेलं. मागं राहिले ते म्हातारे, आमच्यासारखी जमीनवाली घरं आणि हाटेलात बसणारी माणसं. या हाटेलातल्या माणसांना दिवसभर दुसरं काम नव्हतं. समोरच्या गटाच्या कुणीतरी तिथं म्हटलं, "मास्तरीणबाईला इलायतेतून बाप्याची पत्रं येतेत. घरात असलं चालू हाय, आन् हे गाव सुधारनार." ते वाक्य चहाबरोबर गावभर फिरलं आणि संध्याकाळच्या आत आमच्या ओसरीवर आलं. आबांच्या मनात शक नव्यानं शिरला असं मी म्हणणार नाही. तो आधीपासून दाराशी बसलेला होता. लोकांनी त्याला नुसतं आत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी शेतात कडबा रचताना आबांनी मला बाजूला घेतलं. "मंदे, तुजी आत्या ती भाषा शिकवंल का तुला?"

"शिकवंल की. पण कशाला?"

"शीक तू. लवकर शीक. ह्यो वान्या कोन हाय, बाई हाय का बाप्या, एवढं मला सांग. आन् तिला कळू देऊ नको."

मी कधी आबांच्या शब्दाबाहेर गेले नव्हते. शिवाय खरं सांगायचं तर मलाही बघायचंच होतं. त्या पेटीला कुलूप होतं, आणि घरात कुलूप लावलेली ती एकटीच पेटी होती.

आत्याबाईनं काही विचारलं नाही. "बस," म्हणाली, आणि शेंगांचं टोपलं दोघींच्या मध्ये ओढलं. शेंगा फोडताफोडताच आमची शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी तिनं सांगितलं, "या भाषेत 'मी'ला 'मी'च म्हणतात." मला वाटलं थट्टा करते. पण खरंच तसं होतं. तू, तुम्ही, आपण या सगळ्यांना मिळून एकच शब्द होता, 'वी'. मग तिनं क्रियापद घेतलं. येणं म्हणजे 'वेनि'. त्यातली शेवटची 'इ' काढायची आणि काळ बघून शेपूट लावायचं. आत्ता चाललं असेल तर 'आस': मी वेनास, येण्याचं चाललंय. होऊन गेलं असेल तर 'इस': मी वेनिस. पुढं व्हायचं असेल तर 'ओस': मी वेनोस. कुणाला करायला सांगायचं तर नुसता 'उ': वेनु, ये. आणि जर-तर असेल, येता आलं असतं तर आले असते असं काही असेल, तर 'उस': मी वेनुस.

"ऊस?" मी म्हटलं.

"ऊसच समज. ज्याच्या पाठीमागं ऊस लागला, त्याचं सगळं जर-तरवर," आत्याबाई म्हणाली. समोरच्या आळीतली कुलुपं लागलेली घरं आम्हा दोघींना तिथूनच दिसत होती. हे शेपूट मी आयुष्यात विसरले नाही.

आठ दिवसांत मला सगळी शेपटं पाठ झाली. ती सगळ्या क्रियापदांना तशीच लागायची, एकही अपवाद नाही. शाळेत इंग्रजीच्या 'गो'चं 'वेंट' कसं होतं यावरून छड्या खाल्लेल्या मला हे फार सोपं वाटलं, आणि सोपं वाटलं म्हणूनच मनात काहीतरी खुपलं. मी विचारलं, "आत्याबाई, 'मी वेनास' म्हणजे मी येते का मी येतो?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं? बोलणारी बाई हाय का बाप्या ते कळायला नको?"

"क्रियापदावरनं न्हाई कळत. कुणीही म्हणू दे, 'मी वेनास'च."

माझ्या हातातली शेंग फुटायची राहिली. आपल्याकडं तोंड उघडलं की पहिल्या क्रियापदालाच सगळं बाहेर पडतं. आला, आली, आलं, आले. फोनवर अनोळखी माणूस बोलला तरी आवाजाआधी क्रियापद सांगतं कोण आहे ते. आणि ही भाषा अशी, की माणूस पानंच्या पानं लिहील आणि बाई की बाप्या याचा पत्ता लागू देणार नाही. मला आबांचं वाक्य आठवलं. कुणाला तरी कळू नये म्हणूनच ना. त्या क्षणापासून मी आत्याबाईकडं आबांच्या डोळ्यांनी बघायला लागले. इतक्या भाषा सोडून हिनं नेमकी हीच का उचलली, जिच्यात आडोसा आयता आहे? ती हसली तरी मी बघायची, कशाला हसली. केसांना तेल जास्त लावलं तरी मनात नोंद व्हायची. ती शाळेत गेली की मी पेटीचं कुलूप ओढून बघायची. ज्या बाईनं मला तेराव्या वर्षी न्हाण आलं तेव्हा न्हाऊ-माखू घातलं, माझ्या आजारपणात शेजारी बसून राहिली, तिच्यावर मी पाळत ठेवत होते, आणि संध्याकाळी आबांना हिशोबासारखा अहवाल देत होते: आज हे शिकवलं, आज ते म्हणाली, अजून कळलं नाही.

"अजून न्हाई?" आबा म्हणायचे. "का तिनं तुला फितवलं?"

म्हणजे आता माझ्यावरही शक होता. माय हे सगळं चुलीपाशी बसून बघत होती. ती आबांना एकदाच म्हणाली, "आवं, पोरीला कशाला असल्या कामाला लावलंय?" आणि आबा तिला म्हणाले, "तुला ठावं हाय का काही? ठावं असंल तर सांग." त्यानंतर मायही गप्प झाली. गिरणी थांबली की आमच्या घरात चारी माणसं चार दिशांना बघत बसायची.

होळीच्या आधी एका शनिवारी दुपारी ते पत्र आलं. आत्याबाई शाळेच्या कामाला केजला गेली होती. रहीमचाचांनी आबांच्या हातात लिफाफा दिला आणि थोडं थांबून म्हणाले, "बाईच्याच हाती द्या हं पाटील." आबा हो म्हणाले. चाचांची सायकल वळणावरून गेली तशी त्यांनी माझ्या समोर विळ्यानं लिफाफा कापला. मायचे हात पिठातच राहिले.

"वाच," आबा म्हणाले.

अक्षर मोठं आणि सुटसुटीत होतं. मी पहिल्यांदा मनात वाचलं. गावातल्या पावसाचं, द्राक्षाच्या वेलीचं काहीतरी होतं. मग एक ओळ आली: मी एस्तास सोला एन ला दोमो. एस्तास म्हणजे आहे. दोमो म्हणजे घर. सोला म्हणजे एकट्यानं असणं. त्या 'सोला'लाही बाई-बाप्या नव्हता. पुढं होतं: से मी पोवुस, मी वेनुस. आणि शेवटी: स्क्रीबु अल मी.

"मोठ्यानं. मराठीत."

मी द्राक्षांचं सांगितलं. पावसाचं सांगितलं. मग त्या ओळीवर आले आणि थांबले. ती ओळ मराठीत आणायची तर मला 'टा' किंवा 'टी' म्हणावंच लागणार होतं. मधलं काही नव्हतंच. एक अक्षर म्हटलं तर आत्याबाईचं या घरातलं अन्न संपलं. दुसरं म्हटलं तर ते खोटं असू शकत होतं. आणि मला खरं काय ते माहीत नव्हतं.

"मी घरात एकटी आहे," मी म्हटलं.

आबा माझ्या तोंडाकडं बघत होते. "फुडं."

"जमलं असतं तर मी आले असते."

"येनार हाय का हिकडं?"

"न्हाई आबा. येणार असतं तर 'ओस' असतं. इथं 'उस' हाय. येणार न्हाई, नुसतं वाटतंय."

"आन् शेवटी?"

"मला पत्र लिही, एवढंच."

आबांनी सुस्कारा टाकला, उपरणं खांद्यावर घेतलं आणि सरळ हाटेलाकडं गेले. नंतर कळलं की तिथं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "बाई हाय ती. आमच्या मंदीनं सोता वाचलं पत्र. आता कुनी तोंड उघडलं तर बघा." बोलणं थांबलं. आबा निवडूनही आले.

आत्याबाई संध्याकाळच्या एसटीनं आली. कापलेला लिफाफा कोनाड्यात ठेवलेला होता. तिनं तो हातात घेतला, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि मला परसात बोलावलं.

"कुणी वाचलं?"

"मी."

"काय सांगितलंस त्यांना?"

"एकटी आहे म्हणून सांगितलं."

तिनं पत्र काढून ती ओळ शोधली. मग म्हणाली, "तुला कसं कळलं?"

"न्हाई कळलं. तुला तरी ठावं हाय ना?"

"न्हाई," आत्याबाई म्हणाली. "मी कधी विचारलं न्हाई. त्यांनीही मला विचारलं न्हाई. मी शिकवते, मी जेवते, मला पाऊस आवडतो, एवढं लिहिलं की पुरतं तिथं. नवऱ्यानं टाकलेली आहे का, कुणाची बहीण आहे, काही सांगावं लागत न्हाई." मी तिच्याकडं बघत राहिले. माझा तिच्यावर विश्वास बसला नाही, आणि तिला ते दिसलं. "दादानं बसवलं होतं ना तुला माझ्याजवळ?"

मी न्हाई म्हटलं.

"पहिल्या दिवशीच कळलं होतं मला," ती म्हणाली. "तरी शिकवलं. म्हटलं गावात एक तरी माणूस होईल, ज्याच्याशी हे बोलता येईल."

त्या उन्हाळ्यात तिनं स्वतःहून बदली मागून घेतली, आमच्या जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कडा या गावी. आबा म्हणाले, "आता कावून? आता तर सगळं मिटलंय." ती म्हणाली, "तुमचं मिटलं, दादा." तीच पेटी घेऊन गेली. कड्यात तिनं एक खोली घेतली आणि निवृत्त झाल्यावरही तिथंच राहिली. मी लग्न झाल्यावर वर्षातून एकदा जायची. तिथल्या साखर कारखान्याचा हंगाम असला की मळीच्या वासानं डोकं धरायचं, पण तिला त्याची सवय झाली होती. ती माझ्याशी चांगली बोलायची, कधी एस्पेरांतोतही बोलायची. त्या पत्राबद्दल मात्र आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. आबा तिच्याकडं एकदाही गेले नाहीत आणि ती नांदूरघाटला फक्त मायच्या मातीला आली.

आत्याबाई गेली तेव्हा पेटी माझ्याकडं आली. आता तिला कुलूप नव्हतं. आतली पत्रं मी तिथंच जमिनीवर बसून चाळली. मधली काही वर्षं, तिकडं लढाई चालू होती तेव्हाची, रिकामी होती. मग पुन्हा पत्रं होती, नव्या देशाच्या तिकिटांची. मी त्या पत्त्यावर चार ओळी लिहिल्या. माझी आत्या गोदावरी वारली. मोर्तिस. तुमची पत्रं तिनं जपून ठेवली होती.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. अक्षर तेच होतं, पण थरथरतं. त्यात लिहिलं होतं: "तुमच्या पत्रावरून मला पहिल्यांदा कळलं की गोदावरी बाई होती. इतकी वर्षं मी एका गावातल्या मास्तराला लिहीत होतो असं मला वाटत होतं. शेतं, बैल, शाळा, निवडणुका, हेच सगळं तिच्या पत्रांत असायचं. मी मनात तिला मोठ्या मिशा लावल्या होत्या. माझी बायको वारल्यावर घरात मी एकटा उरलो, तेव्हा बोलायला कुणीतरी हवं म्हणून मी लिहायला सुरुवात केली. माझा हा मित्र मला फार चांगला लाभला." ही मराठी अर्थात माझी. बायकोचा उल्लेख आला म्हणून या वेळी 'टा' लिहिताना मला थांबावं लागलं नाही. आत्याबाई परसात बोलली ते खरं होतं, असं मी त्या दिवशी मानलं. आज बहुतेक मानते. माझा स्वभावच तसा झालाय, तो त्याच हिवाळ्यात झाला.

ते पत्र घेऊन मी नांदूरघाटला गेले. आबा थकले होते. ऐकू कमी यायचं, बाजेवर पडून असायचे. गिरणी कधीच बंद पडली होती, तरी मी जुन्या सवयीनं मोठ्यानंच बोलले.

"आबा, तो बाप्या होता."

"कोन?"

"वान्या."

आबांनी छताच्या पत्र्याकडं बघितलं. "मला वाटलंच व्हतं. तू वाचताना थांबलीस की. एवढ्याशा सबदाला कोन थांबतं? म्हनलं, पोरगी लपवती."

"मग बोलला कावून न्हाईत?"

"गोदीला घरात ठिवायची व्हती. तू एकटा म्हनली असतीस तर गावानं ठिवू दिली नसती." थोड्या वेळानं म्हणाले, "पर ती गेलीच."

"मी लपवत नव्हते, आबा. मला तवा ठावंच नव्हतं. त्या भाषेत क्रियापदावरून ते कळत न्हाई."

आबांनी मान माझ्याकडं वळवली. "म्हंजी पत्र फोडून बी काही कळनार नव्हतं?"

"न्हाई."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मी पत्राची घडी घालून उठणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "त्यांच्यात 'चुकलं' कसं म्हनतेत?"

"नुसतं 'चुकलं' म्हणता येत न्हाई. त्यांच्या क्रियापदाला माणूस चिकटलेला नसतो. कोण चुकलं, ते आधी सांगावंच लागतं." मी म्हटलं, "मी एरारिस. म्हणजे, मी चुकलो."

आबांनी भिंतीकडं तोंड केलं. त्यांचे ओठ दोनदा हलले, आवाज आला नाही. तिसऱ्यांदा आला.

"मी एरारिस."

उच्चार अगदी बरोबर होता.